झोन शून्य

दुकान रुवीत, क्लॉक टॉवरच्या मागल्या गल्लीत.
एक ते चार शटर अर्धं खाली,
बाहेर डांबर मऊ झालेलं,
आत मी आणि एकोणीस प्लेअर,
एकोणिसांच्या कपाळावर एकच हिरवी ओळ:
नो डिस्क.

मालक सुलेमान अल-हिनाई सांगून गेलेत,
गिऱ्हाइकाला शब्द समजाव, पैसे तो स्वतःच काढतो.
म्हणून मी समजावतो.
प्रोग्रेसिव्ह, म्हणजे चित्राच्या सगळ्या ओळी एका दमात.
इंटरलेस्ड, म्हणजे आधी विषम, मग सम;
प्रार्थना संपली की आम्हाला हर्णैच्या शाळेत
असंच सोडायचे, एक रांग आड.
फाइव्ह पॉइंट वनमधला पॉइंट वन म्हणजे सबवूफर,
कोपऱ्यात बसून नुसता हुंकार भरणारा थोरला चुलता.
ऑप्टिकल केबलमधून आवाज उजेड होऊन जातो,
हे मात्र कुणाला पटत नाही.
टोकाचा लाल ठिपका तळहातावर पाडून दाखवला
की पटतं, पण घेतात साधीच वायर.

त्या दुपारी शटरखालून वाकून आत आला शिगवण,
मत्रहच्या धक्क्यावर क्रेन चालवणारा.
रुमालात डिस्क.
कुणाच्या तरी बॅगेतून सुकटीच्या पुडीशेजारी बसून आलेली,
वास अजून गेला नव्हता.

म्हणाला, नायर बोलला चालणार नाही.
इथला झोन दोन, आपला पाच.

मी म्हटलं, कुलूप कंपनीच्या पिक्चरला असतं.
ही तुमच्या गावच्या पोराने शूट केली,
कुलूप घालायला त्याला कुठला वेळ.
ही झोन शून्य.

शून्य म्हणजे कुठलाच नाही, का सगळेच?

मशीनला दोन्ही सारखंच, मी म्हणालो,
आणि ट्रे पुढे आला, जीभ दाखवल्यासारखा.

घर उगवलं. हिरवंगार.
भिंती हिरव्या, भटजी हिरवे, पूजेतला नारळसुद्धा.
शिगवण गप्प.
सतरा महिन्यांचा ओव्हरटाइम
अन् रंग हा?
मी मागे हात घालून सैल झालेली लाल पिन दाबली.
भिंती बदामी झाल्या.
त्याने श्वास सोडला, म्हणाला,
बदामीच सांगितला होता मी. फोनवर.

कडाप्प्याचा ओटा आला,
न पुसलेल्या सिमेंटच्या डागासकट.
मग बायको, नव्या दारात.
तिचे शब्द आधी ऐकू आले, ओठ मागाहून हलले:
हे बघतील तिकडे, मशीन आहे म्हणतात.
याला लिप-सिंक म्हणतात, मी सांगितलं,
आणि मेनूत जाऊन आवाजाला मागे ढकलत राहिलो,
चाळीस मिलिसेकंद, ऐंशी, एकशेवीस,
तोवर ती आत निघून गेली होती.
रिवाइंड केलं. पुन्हा दारात आली.
आता बरोबर बोलली.

टीव्ही रुंद, चित्र चौकोनी,
त्यामुळे सगळी ताणलेली, गालफडं वर आलेली.
ही अॅस्पेक्ट रेशोची चूक, मी म्हणालो, एक बटण,
चार बाय तीन केलं की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील
आणि माणसं जशी आहेत तशी दिसतील.
मी दाबलं.
ती बारीक झाली.
मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरतील इतकी.

शिगवण पुढे सरकला.
म्हणाला, आधीचंच ठेवा.

पुढे व्यवहार. तेरा रियाल, त्याने बारा दिले.
टीव्ही मूसाच्या बंकशी, हा वरच्या बंकवर,
म्हणून वायर तीन मीटर, एक मीटर माझ्याकडून.
खोका काखेत मारून शटरखालून वाकला,
आणि अर्धा बाहेर, अर्धा आत असा थांबला.

ते रुंद करायचं बटण कुठलं,
रिमोटवर जरा खूण करून द्या.
संध्याकाळी रूममधले सगळे बसतील बघायला.