दोन रिंगा

समिती म्हणाली, पन्नास वर्षं झाली, अर्धं पान लिहून दे,
फोटोखाली मावेल इतकंच.
अर्ध्या पानात मावतात नुसत्या तारखा.
तारखा आहेत माझ्याकडे, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात;
डबा उघडला की आधी आल्याचा वास येतो, मग सालं.

वेल्समधल्या आमच्या या खोऱ्यात पूर्वी
माणूस आहे की नाही ते धुराड्यावरून कळायचं.
खाणीतून सुटलेल्याला कोळसा फुकट.
सकाळी सातला समोरच्या उतारावरची घरं
एकेक करून धूर सोडायची
आणि कपबश्या विसळता विसळता बायका मोजायच्या.
एखादं धुराडं कोरडं दिसलं
की कुणीतरी हात पुसत निघायचंच.
याला कुणी सेवा म्हणत नव्हतं.

मग गॅस आला.
स्वच्छ, निळा, मुका.
त्र्याहत्तरच्या जानेवारीत इथेल पार्फिट
पाच दिवस खुर्चीत बसून होता.
हीटर चालू, घर उबदार.
समोरची एल्युनेड प्रॉसर मला म्हणाली,
"रोज बघत होते गं मी त्याच्या घराकडे.
बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं."

ही एल्युनेड टेलिफोन एक्स्चेंजमधली,
नुसत्या 'हॅलो'वरून ताप ओळखणारी.
तिने चॅपलच्या मागच्या खोलीत एक फोन मिळवला,
शाळेची एक वही आणली, मला पेन्सिल दिली.
नियम एकच:
सकाळी आठ ते नऊ. आपापल्या मिनिटाला फोन लावायचा,
दोन रिंगा, की ठेवून द्यायचा.
आम्ही उचलणार नाही, पैसे पडणार नाहीत.
दोन रिंगा म्हणजे: आहे.

आठ वाजून चार, मॉरविथ.
आठ सात, हॉपकिन भावंडं, दोघांत मिळून एक फोन.
आठ दहा, टेगविन, जो द्यायचा आठ तेराला,
म्हणून रोज तीन मिनिटं
मी एक पाय बुटात घालून बसायची.

चौऱ्याऐंशीत संप झाला, वर्षभर चालला.
तेव्हा वहीतली नावं स्वतःच चालत आली,
सोलाण्या घेऊन, घरून स्टूल घेऊन,
आणि तरण्याताठ्या खाणकामगारांना वाढलं त्यांनी
बटाट्याचं पातळ सूप.
त्या वर्षी कोण कुणाला सांभाळत होतं
ते हिशेबात कुठल्या बाजूला मांडायचं, मला अजून कळलेलं नाही.
पुढे खाण मिटली. पोरं स्लाऊला, स्विंडनला गेली.
वही लठ्ठ झाली.

मग आम्हाला नोंदणी क्रमांक मिळाला, मिनीबस मिळाली,
आणि फॉर्म. एकटेपणा किती टक्क्यांनी घटला?
मी लिहिलं: टेगविन आता वेळेवर देतो.
फॉर्म परत आला.

दोन हजार नऊमध्ये एल्युनेडने स्वतःचं नाव घातलं.
मिनिट मागून घेतलं: आठ एकतीस.
दोन वर्षं घड्याळ लावावं तशी वाजली.
मग एक दिवस आठ एकतीसला, आणि पुन्हा आठ चाळीसला.
दुपारी. दिवेलागणीला.
फोन माझ्या घरी वळवून घेतला, तर रात्री अडीचला.
दोन रिंगा. बंद. दोन रिंगा.
आपण कळवलंय हे तिला आठवत नसे,
कळवायचं असतं एवढं मात्र पक्कं आठवे.
मी दर वेळी उठून खूण केली.
आहे. आहे. आहे.

वर्षअखेर बेरीज तिप्पट झाली.
कौन्सिलने वाढीबद्दल अभिनंदनाचं पत्र धाडलं.
ते फ्रेम करून दारात लावलंय, फोटोच्या शेजारी.
मी चूक दुरुस्त केली नाही. चूक नव्हतीच ती.

आता सगळं मोबाइलवर येतं, एक हिरवा ठिपका.
वाईट नाही. माझी तक्रार नाही.
पुढल्या महिन्यापासून माझंही नाव आहे.
नव्या पोरीने विचारलं, कुठलं मिनिट हवं?
ठिपक्याला मिनिट लागत नाही, तरी विचारलं तिने.
आठ एकतीस रिकामंच ठेवलंय आम्ही.
म्हटलं, बत्तीस दे.
शेजार चांगला आहे.