उघाडी

काळबादेवीच्या खाजणाची उघाडी
बापाच्या माघारी माझ्याकडे आली.
सागाची फळी, वर बिजागरी.
भरतीचं पाणी तिला बाहेरून दाबून मिटतं,
ओहोटीला शेतातलं पाणी आतून ढकलतं.
पंप नाही. माझं काम
फटीत अडकलेली काटकी काढायचं.

ऑपरेशननंतर सातव्या महिन्यात
सुगंधाचा डावा हात भरू लागला.
बांगड्या वाढवल्या. फोडल्या म्हणायचं नसतं,
हात मात्र खरोखरच वाढत होता.
बोटानं दाबलं की खळगा तसाच,
ओहोटीच्या चिखलात टाचेचा राहतो तसा.

रत्नागिरीला नाझनीन काझी म्हणून फिजिओथेरपीच्या बाई.
केसपेपरच्या पाठीवर त्यांनी चित्र काढलं:
रक्तातलं पाणी झिरपतं, मांस भिजवतं,
मागे उरतं ते, दिवसाला दोन-अडीच लिटर,
बारीक वाटांनी गळ्याच्या हाडाखाली येऊन
पुन्हा रक्ताला मिळतं.
लसिका.
हृदयाचा ठोका हिच्या वाट्याला येत नाही.
श्वास घेतला, मूठ वळली, की जराशी सरकते.
परतू नये म्हणून आत झडपा.

झडपा म्हटल्यावर मी पेन मागितलं,
त्याच कागदावर उघाडी काढली.
बाई म्हणाल्या, अगदी.

आणि काखेतल्या गाठी?
तोंडाशी लावलेलं जाळं. वाहून येईल ते धरतात.
सतरा काढल्या. तिघींनी धरून ठेवलं होतं.
म्हणजे राखणदारच न्यावे लागले, चोरासकट.
सुगंधा काहीच बोलली नाही.
पिशवीचे बंद गुंडाळत राहिली.

मी रगडायलाच बसलो असतो.
नाही, आधी गळा, बाई म्हणाल्या,
मग उजवी, शाबूत काख. बोटं सगळ्यात शेवटी.
हे मला शिकवावं लागलं नाही.
शेत तुंबलं की आधी खाडीकडचं तोंड मोकळं करतात.
आपली वाट बुजली तर शेजाऱ्याच्या खाजणातून मागतात.

आज अष्टमी. भांगाचं पाणी, जोर नाही.
तिच्या गळ्याशी बोटं ठेवतो,
तान्ह्याच्या टाळूवर तेल घालावं तेवढंच वजन.
फळी उचलणाऱ्या हाताला ते जमत नाही.
'हळू,' ती म्हणते, 'गाळ नाय उपसायचा.'

कोपराखाली अर्धा सेंटिमीटर कमी.
परवा तेवढाच जास्त होता.
खाली फळी एकदा आपटते. भरती लागली.
मी पुन्हा गळ्यापासून.