गाळा नंबर सात, रविवार

बावीस वर्षं मी पिस्टन मोजले.
कंपनीत मला मायक्रोमीटर-बाई म्हणत,
तोंडावर ताई, मागे बाई.
तिथे आता टॉवर आहे, आणि पोहण्याचा तलाव
साधारण आमच्या ग्राइंडिंगच्या जागी.

आता रविवारी वागळे इस्टेटला जाते,
रोड नंबर बावीस, फर्मिनच्या गाळ्यात.
फर्मिनने बापाची हिलमन कापली आहे:
छप्पर चार इंच खाली, मडगार्ड काढलेले,
बॉनेट दोन ड्रमांवर आडवं, त्यावर सगळ्यांचे डबे.
चर्चमधल्या अर्ध्या नवऱ्या ह्याच गाडीतून उतरल्या.
त्यातली एक परवा बघायला आली,
"अगं बाई, हिची मानच गेली," म्हणाली
आणि चहाला थांबली नाही.

इंजिन गोणपाटात आलं,
न्हावाशेव्याला उतरलेलं, कळंबोलीत वजनावर घेतलेलं.
पाण्याच्या जारएवढं.
"बाकीचं मागून येतंय का?" वेल्डर जलीलने विचारलं.
पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही.
आत भुईमुगाच्या शेंगेसारखी खोली, मधे किंचित आवळलेली,
अशा दोन, पाठीला पाठ लावून,
आणि प्रत्येकीत एक फुगीर त्रिकोण,
तिन्ही टोकं कायम भिंतीला टेकवून फिरणारा.
एका गालाने श्वास घेतो, तेव्हाच दुसऱ्यात दाबून धरतो,
तिसऱ्यात पेटलेलं असतं.
एका वेळी इतकं सगळं
मी फक्त सकाळी सहाच्या ओट्यापाशी पाहिलंय.

टोकांना पट्ट्या असतात, ऐंशी मिलिमीटर लांब, दोन जाड,
खाली पापणीसारखी वाकलेली स्प्रिंग.
पट्टी झिजली की सगळं गेलं.
चष्मा लावून सहाही मोजल्या,
एक बाद केली.
"चालेल की," फर्मिन म्हणाला.
चालेल हा शब्द मी बावीस वर्षं
लाल रंगाच्या पेटीत टाकत आले.

पिस्टन बिचारा वर जातो, थांबतो,
खाली येतो, थांबतो.
त्या थांबण्याला ड्रॉइंगवर डेड सेंटर लिहिलेलं असायचं.
मी कधी त्याचा विचार केला नाही,
कंपनीला टाळं लागलं त्या सकाळपर्यंत.
गेटवर सगळे उभे होतो,
डबे भरलेले.
ह्या त्रिकोणाला ते ठिकाणच नाही.
फर्मिनला हे बोलले नाही.
म्हटलं, खाचा नीट साफ कर.

गिअरबॉक्स जिप्सीचा. मधली प्लेट तीनदा बनवली,
तिसरी बसली.
तीन रविवार सुरू झालं नाही. आत पेट्रोल साचायचं.
प्लग काढा, पुसा, वाट बघा, चहा.
चौथ्या रविवारी साडेअकराला
आधी निळा धूर,
मग आवाज.

धडधड नाही. एकच सलग,
कुणी शिवणयंत्रावर पाय ठेवून
घोडबंदरपर्यंत कापड शिवत निघाल्यासारखा.
समोरचे पावडर-कोटिंगवाले
तोंडाला फडकी बांधलेले तसेच बाहेर आले.
जलील कानात बोटं घालून हसत होता.
फर्मिन रडला असेल, धुरात कळलं नाही.

रस्त्यावर न्यायची नाही.
आरटीओच्या कागदावर जे इंजिन आहे
ते आम्ही किलोवर विकलं.
म्हणून गाळ्यापासून गेटपर्यंत, एकशे चाळीस मीटर.
मी शेजारी बसले, पर्स मांडीवर.
केस उडतील वाटलं होतं,
दुसरा गिअर पडेपर्यंत गेट आलं.
वॉचमनने सवयीने नंबर लिहून घेतला.
"मायलेज?"
"पेट्रोल पितेच, वर तेलही पिते," फर्मिन म्हणाला,
धाकट्या लेकीचं सांगावं तसं.
गेटशी क्षणभर थांबलो.
ती जागा माझ्या ओळखीची होती.
मग रिव्हर्समध्ये, मान वळवून, मागे.

बाद केलेली पट्टी मी घरी आणली.
घट्ट बसलेली झाकणं तिने चांगली निघतात.
उंची सहा पूर्णांक चार. साडेसहाला बाद.
तरी अधूनमधून
मोजून बघते.