वीस अंश उत्तर

कापडणीस सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं,
नाशिक एका कागदात मावत नाही.
वीस अंशाचं अक्षवृत्त शहराच्या अंगावरून जातं,
वरचं पान सेहेचाळीस एच सोळा,
खालचं सत्तेचाळीस ई तेरा.
कॉलेज वरच्या पानात,
आमचं देवळाली गाव खालच्या.
तेव्हापासून रोज सकाळी
बस सीबीएसला वळली
की मी मनात पान उलटते.

आर्ट्स घेतलं म्हणून मामा दोन महिने बोलला नाही.
आणि बोलला तेव्हा, "फौजेत जायचंय आणि भूगोल?
कुठे किती मिलिमीटर पडतो ते सांगितलं
की शत्रू पळणार का?"
आर्मीच्या फॉर्मवर कुठलीही शाखा चालते,
हे मी त्याला तीनदा दाखवलं.
पप्पा गप्प.
बावीस वर्षं तोफखान्यात काढलेला माणूस,
आता पतपेढीच्या दारात खुर्ची टाकून बसतो.
डाव्या कानाने ऐकू येत नाही,
आणि मामा नेमका डावीकडेच बसायचा.

प्रॅक्टिकलला समोच्च रेषा.
जवळ आल्या की चढ उभा,
पांगल्या की जमीन निवांत.
कागदाची पट्टी ठेवायची, खुणा घ्यायच्या,
आलेखावर उतरवायच्या,
मग डोंगर कडेने दिसतो,
कापलेल्या पेरूसारखा.
मी चांभारलेण्याचा छेद काढला.
उभं प्रमाण चुकलं.
"पगार, ह्याच्यावर चढायला ऑक्सिजन लागेल,"
सर म्हणाले, आणि दोन गुण कापले.

दुपारी कधी कधी देवळालीकडून आवाज येतो,
वर्गाच्या काचा एकदाच हलतात.
बाहेरगावची मुलं वर बघतात.
आम्ही खाली, वहीत.

मग आली दृश्यता.
अ पासून ब दिसतं का?
मी अ धरला टेकडीवरचा त्रिकोण,
ब धरली ओढ्याकाठची वस्ती,
तीन लाल ठिपके, नावसुद्धा नाही.
मध्ये सोंड येते.
दिसत नाही.
सरांनी बरोबरची खूण केली.

घरी पप्पांनी चष्मा लावला.
न दिसणाऱ्या त्या खोलगटीवर बोट ठेवलं.
"ह्याला आम्ही डेड ग्राउंड म्हणायचो.
बंदुकीची गोळी इथे पोचत नाही.
आमचा गोळा पोचतो,
वरून जातो आणि वरून पडतो.
खरं तर ह्या जागेसाठीच आम्ही."
मग बराच वेळ ठिपके बघत राहिले.
"कोण राहतं इथे?"
मी म्हटलं, परीक्षेला विचारत नाहीत.
"आम्हालाही कुणी सांगायचं नाही," म्हणाले,
आणि हात धुवायला उठले.

रविवारी हिमानीच्या स्कूटीवर गेले.
त्रिकोणावर चढून बघितलं, खरंच दिसत नव्हतं,
छेद बरोबर होता, मला आनंद झाला.
मग उतरून ओढ्याकडे गेले.
तीन घरांतलं एक उरलंय,
एकाचं जोतं, एकाच्या जागी नुसती चिंच.
बाई तुरी पाखडत होती.
"मोजणीवाल्या का गं?"
नाही म्हटलं तरी तिने सुपावरचा हात थांबवला,
सात-बारा बदलायला आलोय
अशी आमच्याकडे बघत राहिली.
मग पाणी दिलं, तांब्याने, ओंजळीत.
वस्तीचं नाव विचारलं
तर तिने नवऱ्याचं आडनाव सांगितलं.

जर्नलमध्ये ठिपक्यांशेजारी
मी ते आडनाव पेन्सिलने लिहिलं.
सरांनी गोल केला: नकाशावर नाही, खोडा.
अजून खोडलेलं नाही. सबमिशन सोमवारी आहे.

दोन्ही पानं भिंतीवर चिकटपट्टीने जोडलीत.
उन्हाने पट्टी पिवळी पडून सुटायला लागलीय,
मधून भिंतीचा चुना दिसतो,
बोटभर, म्हणजे पन्नास हजारांच्या प्रमाणात
जवळजवळ एक किलोमीटर.
पहाटे पाचला धावायला निघते तेव्हा
अंधारात तेवढीच फट पांढरी असते.