टपरीत आता दोघंच

टाउनो, रौमाच्या या पेपर मिलमागं
आपली पत्र्याची टपरी, तीनच भिंतींची.
चौथ्या बाजूनं समुद्र आत येतो.
मी कामाला लागले तेव्हा इथं पाय ठेवायला जागा नसायची.
दहाच्या भोंग्याला चौदा जण,
एका काडीवर तिघं,
आणि कॉफीच्या डब्यातल्या वाळूत
थोटकं अशी दाट, की पेरल्यासारखी.

मग एकेक जण गळत गेला.
हिल्का गेली सुनेच्या धाकानं:
नातवाला घ्यायचं तर आधी हात धुवा,
मग म्हणाली केस धुवा, मग म्हणाली सोडाच.
एस्कोला डॉक्टरनं छातीचा फोटो दाखवला.
तो कुणाला काही बोलला नाही,
लायटर तेवढा तुझ्या खिशात टाकून गेला.
पोरं तर फिरकतच नाहीत. नव्या भरतीतला एक
मला विचारत होता,
ही टपरी सायकलींसाठी का?

मी सोडली, त्याला आज एकेचाळीस दिवस.
त्याआधीचे नऊ मी धरत नाही.
नवव्या रात्री कचऱ्याची पिशवी उकरली होती
स्वयंपाकघरात, दिवा न लावता.
काडीमोड एका फटक्यात होत नाही, टाउनो.
नवऱ्याच्या घास चावण्याचासुद्धा राग यायचा.

तलफ अजून येते.
तीन-चार मिनिटं बसते आगंतुकासारखी,
कॉफी विचारली नाही की आपणच उठते.
परवा जिना चढताना मधे थांबले नाही,
हे वर पोचल्यावर लक्षात आलं.
आणि राईच्या पावाला वास असतो!
वीस वर्षं मी तो नुसता चावत होते.

उणे अठरा आहे आज.
तू काडी ओढतोस, वारा विझवतो, तू पुन्हा ओढतोस.
दोघांच्या तोंडून सारखाच पांढरा ढग निघतोय.
लांबून बघणाऱ्याला कळायचं नाही
धूर कुणाचा, श्वास कुणाचा.
मला कळतं.
तुझा खोकला मी फाटकापासून ओळखते.

उपदेश करत नाही. तो पाकिटावर छापलेला आहे
आणि तुझा कधीच वाचून झालाय.
मार्चमध्ये टपरी काढणार, नोटीस लागलीय.
मी इथं येते ती धुरासाठी नाही,
दहा वाजले की तुझ्याशी बोलायची सवय झालीय.
ती आतही भागेल. कँटीनच्या खिडकीशी
दोन खुर्च्या आहेत.
एकीचा पाय लंगडा आहे, ती मी घेईन.

ही ओढून घे, हवी तर.
मी थांबते.