खपली

सात फूट उंच, रुंदी दाराएवढी.
भडक गुलाबी. पोपडे उडालेत तिथून डोकावणारा पिवळा,
त्याखाली पोस्टाच्या पेटीचा लाल, त्याखाली हिरवा,
आणि सगळे थर फोडून वर आलेली
पांढरी, ओघळलेली
चार अक्षरं.

आमच्याकडे जखमेवर धरते ती
आणि संप फोडून कामावर जातो तो,
दोघांना एकच शब्द.

मी इथली राखणदार. कोपऱ्यात खुर्ची, हीटरला लागून.
काम एवढंच : हात लावू नका म्हणायचं
आणि बाथरूम कुठे ते सांगायचं.

चित्र हेझल थर्लवेलचं.
उद्घाटनाला आली तेव्हा बूट चिखलाने भरलेले,
वाईनला शिवली नाही, चहा मागितला.
म्हणाली, बाबा अकराव्या महिन्यात खाणीवर गेले,
जाळीच्या खिडक्यांच्या बसमधून.
फेब्रुवारी. धाकट्याचा खोकला थांबत नव्हता.
संपाचे तीनच आठवडे उरलेत
हे तेव्हा कुणाला ठाऊक?
संध्याकाळी दारावर शब्द होता.

आईने घासला. सोडा, उकळतं पाणी, तारेचा ब्रश.
मग हिरवा दिला.
हवा ओलसर झाली की शब्द वर यायचा,
दुधावर साय यावी तसा, हलकेच.
मग लाल. मग पिवळा.
शेवटी हा गुलाबी, सेलमध्ये अर्ध्या किमतीला मिळाला म्हणून.
अख्ख्या गल्लीत आमच्याइतकं रंगीत दार नव्हतं, हेझल म्हणाली,
आणि पोस्टमन सोडून कुणी ते ठोठावलं नाही.

चित्राच्या तळाशी, गुडघे टेकल्याशिवाय दिसत नाही,
निळ्या पेन्सिलीने, गिरवल्यासारखं :
आई, आता दिसत नाहीये.

शाळेच्या सहली येतात. मुलं शब्द मोठ्याने वाचतात,
एकमेकांना चिकटवतात, हसतात.
बाई विचारतात, कोणकोणते रंग दिसले?
खाणीच्या जागी आता सोफ्यांचं गोदाम आहे.
गेल्या महिन्यात एका मुलीने विचारलं,
कोळसा मऊ असतो का?
मला पटकन सांगता आलं नाही.

बुधवारी पेन्शनरांना फुकट.
तेव्हा येतो कथबर्ट रेन. वहीत सही करतो, ठळक, सुटी अक्षरं.
टोपी काढतो, चर्चमध्ये काढतात तशी,
आणि चित्राच्या इतका जवळ उभा राहतो
की नियमाने मी खाकरायला हवं.
मी खाकरत नाही.

कित्येक बुधवार गेले. एक शब्द नाही.
काल चष्मा पुसता पुसता बोलला,
माझ्याशी की भिंतीशी, कळलं नाही :
"तो ए इतका वाकडा नव्हता."

हीटर टकटक करत राहिला.
काहीतरी बोलायला हवं होतं,
आणि माझ्या तोंडून तेच निघालं, रोजचं :
"हात लावू नका."

त्याचे दोन्ही हात
टोपीवर होते.