ऋण चिन्ह

कित्वेत आज पुन्हा वीज नाही.
फळ्यावरचं समीकरण खिडकीजवळच्यांनाच दिसतंय,
मागच्या बाकांना मी ते तोंडी सांगते
आणि दरवर्षीसारखं
ऋण चिन्ह कुणाच्याच वहीत उतरत नाही.

म्हणून पिशवीतून काढते
दीड हात तांब्याची नळी, बोराएवढं चुंबक.
"चिकटतं का तांब्याला?"
"नाही, मॅडम." एका सुरात.
खाणीच्या गावातल्या पोरांना
तांबं शिकवावं लागत नाही.

आधी खडूचा तुकडा सोडला : टक्.
मग चुंबक.

कासोंदे वरून डोळा लावून,
"येतंय... नाही, जातंय...
कडेला शिवत नाहीये, मॅडम,
कुणी तळहातावरून उतरवावं तसं..."

चिशिंबानं नळी मागून घेतली.
त्याचा बाप एकोणीस वर्षं
पिंजऱ्यात बसून खाली जातो.
त्यानं सोडलं, मोजलं, पुन्हा सोडलं. तीन सेकंद, दोन्हीदा.
"एवढा विरोध करतं,
तर थांबवूनच का टाकत नाही?"

थांबलं, की प्रवाह संपला.
प्रवाह संपला, की धरणारं कोण?
पडत असेल त्यालाच सावरता येतं, चिशिंबा,
तेही थोडंसंच.

तो काही बोलला नाही.
वहीत एक आडवी रेघ ओढली,
इतकी दाबून की मागच्या पानावर उमटली.

नळी बाकाबाकांवरून फिरून
माझ्याकडे परत आली तेव्हा कोमट होती.
हातांनी,
की आतल्या प्रवाहांनी?
ते पुढच्या तासाला.